जुना पीसी, नवा टीव्ही आणि कापलेली आजी

परवा बाबांचा जुना पीसी टीव्हीला जोडला. आजीचा शेवटचा ग्रुप फोटो त्यातच आहे आणि आईला तो मोठ्या पडद्यावर बघायचा होता. चित्र आलं, पण सगळे जाडे आणि कडेला उभी असलेली आजी अर्धी कापलेली!

मुळात पीसीला फक्त व्हीजीए पोर्ट. हे १९८७चं, ॲनालॉग. टीव्हीचं एचडीएमआय डिजिटल. म्हणून नुसती वायर चालत नाही, सिग्नल बदलणारा कन्व्हर्टर लागतो. व्हीजीएतून आवाज येत नाही, त्याची वायर वेगळी.

जाडेपणा का? पीसी १०२४×७६८ वर होता, म्हणजे ४:३, टीव्ही १६:९. रिझोल्यूशन १९२०×१०८० केलं, माणसं बारीक झाली. तुमच्याकडे तो पर्याय नसेल तर १२८०×७२० करा.

आणि कापलेल्या कडा? हा ओव्हरस्कॅन. पिक्चर ट्यूबच्या काळात कडा नीट दिसत नसत, म्हणून टीव्ही चित्र थोडं मोठं करून त्या लपवायचा. ती सवय अजून सुटलेली नाही. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ निवडा.

मी निवडलं. आजी पूर्ण दिसली. आई काही बोलली नाही, फक्त म्हणाली, “एवढ्यात बंद नको करूस.”