टायर फुटला, दोष कोणाचा?

महामार्गावरील अपघाताच्या बातमीत एक वाक्य हमखास येते : ‘टायर फुटल्याने चालकाचा ताबा सुटला.’ वाचकांच्या ते इतके अंगवळणी पडले आहे की पुढचा प्रश्न कोणी विचारीत नाही. टायर फुटला म्हणजे जणू आभाळातून वीज कोसळली. दोष कोणाचाच नाही. तो टायर किती वर्षांचा होता, त्यात हवा किती होती, त्यावरच्या खाचा शिल्लक होत्या की नव्हत्या, याविषयी बातमी बहुधा मौन पाळते.

मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये या समजुतीलाच हात घातला. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका मोटारीचा मागील टायर फुटला, मोटार खोल खड्ड्यात कोसळली आणि तीतील एक कमावता तरुण मरण पावला. मोटार त्याच्या सहकाऱ्याची होती व तोच ती भरधाव हाकीत होता. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने २०१६ साली मृताच्या कुटुंबास सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. विमा कंपनी अपिलात गेली. टायर फुटणे ही ‘ईश्वरी कृती’ आहे, चालकाचा निष्काळजीपणा नव्हे, असा तिचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो फेटाळला. ज्यात माणसाचा हात नाही आणि ज्याचा अंदाज बांधता येत नाही, अशा नैसर्गिक घटनेस ईश्वरी कृती म्हणावे. टायर फुटण्याची कारणे अतिवेग, कमी किंवा जादा हवा, आधी वापरलेले टायर आणि तापमान ही आहेत, आणि प्रवासापूर्वी टायर तपासणे हे मालकाचे वा चालकाचे काम आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्या कुटुंबाला एवढे ऐकून घेण्यासाठी बारा वर्षांहून अधिक काळ थांबावे लागले.

वस्तुतः टायर अचानक फुटतो हेच मुळात अर्धसत्य आहे. मोटारीचे सगळे वजन रस्त्यावर टेकते ते चार तळहातांएवढ्या जागेवर. टायरमध्ये हवा कमी असली की त्याची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात वाजवीपेक्षा अधिक वाकते व पुन्हा सरळ होते. लोखंडी तार पुनःपुन्हा वाकविली की ती गरम होते, तसेच हे. ताशी शंभर किलोमीटर वेगाने हे वाकणे मिनिटाला आठ-नऊशे वेळा घडते. आत साचणारी उष्णता बाहेर पडण्यास अवधी मिळत नाही, रबर आणि त्यातील दोऱ्यांचे थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि मग एखादा खड्डा किंवा पुलाचा सांधा निमित्तमात्र ठरतो. स्फोट क्षणाचा असतो. त्याची तयारी कित्येक दिवस चाललेली असते.

हेच टायर गावात वर्षानुवर्षे कुरकुर न करता चालतात, कारण तेथे वेग चाळीसच्या पुढे जात नाही. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला, जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा सबंध मार्ग पुरा झाला आणि मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा मिळाली. विदर्भातील मे महिन्याचे ऊन, तापलेला काँक्रीटचा रस्ता, सुटीला निघालेले भरगच्च कुटुंब आणि टपावर सामान : जुन्या टायरची खरी परीक्षा तेथे होते. अर्थात टायरला आरोपी करण्याचीही घाई नको. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ याच मार्गावर खासगी बस पेटून २५ प्रवासी मृत्युमुखी पडले, तेव्हा चालकाने टायर फुटल्याचेच सांगितले होते. परिवहन खात्याच्या अहवालात मात्र टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाही. ही सबब किती सहज तोंडी येते, ते यावरून दिसावे.

तपासणीला कारागीर लागत नाही. हवेचा योग्य दाब चालकाच्या दारालगतच्या पट्टीवर छापलेला असतो. टायरच्या अंगावरचा आकडा हा कमाल मर्यादेचा असतो, आणि पुष्कळ जण नेमका तोच प्रमाण मानतात. दाब पाहायचा तो टायर थंड असताना, सकाळी निघण्यापूर्वी. पन्नास किलोमीटर धावल्यावर तो वाढलेला दिसतो म्हणून हवा काढून टाकणे, ही तर हातांनी संकट ओढवून घेण्याची रीत आहे. खाचांच्या तळाशी बारीक उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीस आला, म्हणजे १.६ मिलिमीटर खोली उरली, की मोटारीसाठी कायद्याने तो बाद. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिली, मधला पट्टा झिजला असेल तर जादा भरली, एकच कड झिजली असेल तर चाकांची अलाइनमेंट बिघडली, इतके त्या झिजेवरून वाचता येते. नायट्रोजनचे सध्या फार कौतुक आहे. साध्या हवेतही तो सुमारे ७८ टक्के असतोच. तो थोडा सावकाश निसटतो, एवढाच त्याचा गुण.

दसऱ्याला गाडी धुऊन तिला झेंडूची माळ घातली जाते, चाकाखाली लिंबू चिरडले जाते. त्याच वेळी वाकून त्या चाकाकडे दोन मिनिटे पाहिले, तर पूजेत काही उणे पडणार नाही. डिकीतल्या स्टेपनीची आठवण तर रस्त्यावर अडल्यावरच होते.

जुन्या टायरचा धोका डोळ्यांना दिसत नाही. कमी धावलेल्या गाडीचे टायर नक्षीने नवे दिसतात, पण रबर वयानेही कडक होते, भेगाळते. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कधी ते आतल्या अंगास असतात, तेव्हा वाकून पाहावे लागते. जुनी मोटार घेणारा नोकरदार रंग पाहतो, किती किलोमीटर धावली ते विचारतो. हे आकडे वाचीत नाही.

शाळेच्या सहलीची बस ठरते तेव्हाही परवाना, विमा आणि योग्यता प्रमाणपत्र यांच्या प्रती मागवून फाइलला लावल्या जातात. बस पहाटे शाळेच्या आवारात उभी असते, मुले डबे सांभाळीत रांगेने चढत असतात आणि शिक्षक हजेरी घेत असतात. तेवढ्या वेळात एका विजेरीच्या उजेडात तिची सगळी चाके पाहून होतात.