दोन दिवसांची मुंबई : काठी, तिथी आणि दगड

परगावच्या शाळेची सहल मुंबईत आली म्हणजे कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो : गेटवे ऑफ इंडिया, राणीची बाग, चौपाटीवरची भेळ आणि परतीची गाडी. यात वाईट काहीच नाही. भेळ तर अवश्य खावी. पण शनिवार-रविवार असे दोन दिवस हाती असतील, तर या शहरात भूगोलाचे व भूशास्त्राचे काही धडे उघड्यावरच मांडून ठेवलेले आहेत. सोबत घड्याळ, तिथी दाखवणारी दिनदर्शिका आणि हातभर लांबीची एक सरळ काठी घ्या.

शनिवारी ओव्हल मैदानावर जा. समोर १८७८ साली पुरा झालेला, सुमारे ८५ मीटर उंचीचा राजाबाई मनोरा दिसेल. क्रिकेट खेळणाऱ्यांची वाट सोडून एका कोपऱ्यात काठी उभी रोवा आणि बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. बाराला सावली सर्वांत आखूड असेल असे वाटते ना? नसते. ती आखूड होतच राहते, सरासरीने १२ वाजून ३९ मिनिटांपर्यंत! आपली प्रमाणवेळ ८२ १/२ अंश रेखावृत्ताची. मुंबई सुमारे ७२ अंश ५० मिनिटांवर. एका अंशाला चार मिनिटे या हिशोबाने उरलेले गणित तुम्हीच करा. (फेब्रुवारीत हा क्षण आणखी उशिरा, तर नोव्हेंबरात लवकर येतो, पंधरा मिनिटांच्या आसपास फरक पडतो.) प्रमाणवेळ १९०६ साली लागू झाली तरी मुंबईने आपली ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत टिकवली होती. तो नुसता हट्ट नव्हता, काठीची साक्ष मुंबईच्या बाजूने होती.

दुपारनंतर हाजीअलीला चला. दर्ग्याकडे जाणारी पायवाट मोठ्या भरतीत पाण्याखाली जाते. मग जायचे केव्हा? कोकण किनाऱ्यावर यासाठी एक सोपे गणित आहे : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळेल. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेला तिथी पंधरा धरा, म्हणजे सव्वाअकरा. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. चंद्र पृथ्वीभोवती पुढे सरकत असल्यामुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. गणितातला ‘पाऊण’ म्हणजे ४५ मिनिटे. तेव्हा थोडी चूक राहतेच. पण घड्याळ नसलेल्या माणसाला होडी लोटायला इतके पुरे होते. तुम्ही मात्र वाट ओलांडण्यापूर्वी छापील भरती-कोष्टक पाहा. पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरहूनही वर चढते.

जाता जाता वरळीच्या टेकडीकडे एक नजर टाका. लाव्हारसाचे दोन थर साचण्याच्या मधल्या काळात येथे उथळ पाण्याची डबकी होती. त्यांच्या गाळात सापडलेल्या चिमुकल्या बेडकांच्या जीवाश्मांचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली केले. डायनोसोर हा शब्द रूढ करणारे ओवेन ते हेच. आज टेकडीवर इमारतींची दाटी आहे.

रविवारी सकाळी अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल गाठा. सुमारे ६० मीटर उंचीचा हा सरळसोट काळा कडा म्हणजे साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा बेसॉल्ट. पायथ्यापासून नीट पाहिलेत तर तो एकसंध नसून उभ्या खांबांची मोळी बांधल्यासारखा दिसेल. तळ्यातला चिखल वाळताना आकसतो व त्याला बहुकोनी भेगा पडतात, हे तुम्ही पाहिले असेल. लाव्हाही थंड होताना आकसतो. भेगा पृष्ठभागापासून आत आत सरकत जातात आणि खांब तयार होतात.

अमेरिकेतला डेव्हिल्स टॉवर असाच खांबांचा. त्याला १९०६ सालीच राष्ट्रीय स्मारकाचे संरक्षण मिळाले. आमच्या गिल्बर्ट हिलभोवती मात्र खाणी चालल्या. जोगेश्वरीकडचे असेच खांब फोडून खडी झाली. ही टेकडी २००७ साली महापालिकेच्या वारसा-यादीत आली, तोवर वस्ती पायथ्याला येऊन भिडली होती. पावसाळ्यात दगड निखळतात, म्हणून कड्याखाली उभे राहू नका; थोडे दुरून चित्र काढा आणि किती खांब मोजता येतात ते लिहा. शिक्षकांनी ही चित्रे वर्षावर्षाला जपून ठेवली तर कड्याची झीज त्यांत दिसू लागेल.

दुपारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरी. शंभरांहून अधिक लेणी आहेत, पण मूर्ती पाहून झाल्यावर पायांखाली पाहा. लेण्यांच्या दारांशी खडकात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. उतारावरचे पावसाचे पाणी पन्हळींनी वळवून त्यांत सोडले जाई. वर्षातले आठ महिने कोरडे असलेल्या या डोंगरावर भिक्षूंची वस्ती शतकानुशतके राहिली ती या टाक्यांच्या जोरावर. याच डोंगरांचे पाणी अडवून १८६० मध्ये विहार तलाव पुरा झाला आणि मुंबईला पहिल्यांदा नळाचे पाणी मिळाले. आज शहराला लागणारे बहुतेक पाणी भातसा, वैतरणा, तानसा अशा दूरच्या तलावांतून येते. कान्हेरीची टाकी मात्र अजूनही पावसाळ्यात भरतात.