लाडबोरीची रिंग आणि आपलं आकाश

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याचा दिवस. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून जळत्या तुकड्यांची एक लांब रांग पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत गेली. मी घाटंजी तालुक्यात विज्ञान शिकवतो. पाच मिनिटांत माझा फोन वाजायला लागला. "सर, इमान जळून राह्यलं का जी?" असं विचारणारा माझाच एक जुना विद्यार्थी होता, शेतातून बोलत होता. कुणी उल्कापात म्हणत होतं, कुणी क्षेपणास्त्र. मी त्याला एवढंच सांगितलं, की उल्का इतकी सावकाश जात नाही. उल्का एक-दोन सेकंदांत विझते. हे तुकडे जवळपास आडव्या रेषेत, एकामागे एक, बराच वेळ जळत गेले. असं जळतं ते माणसानं वर पाठवलेलं काहीतरी.

त्याच रात्री शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूची एक मोठी रिंग येऊन पडली. व्यास साधारण तीन मीटर, वजन चाळीस किलोच्या आसपास. पुढच्या काही दिवसांत त्याच तालुक्यात पवनपार आणि इतर गावांच्या परिसरात धातूचे पोकळ गोळे सापडले. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. त्या संध्याकाळी न्यूझीलंडहून एक रॉकेट सुटलं होतं, म्हणून सुरुवातीला संशय त्याच्यावर गेला. पण हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रातले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी कक्षेचा हिशेब मांडून सांगितलं, की हा चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. ते रॉकेट फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालं होतं. नंतर इस्रोचे शास्त्रज्ञही सिंदेवाहीला येऊन तुकडे पाहून गेले.

उडालेलं रॉकेट चौदा महिन्यांनी कसं पडतं, हा प्रश्न मला वर्गात हमखास विचारतात. या टप्प्याचं काम उपग्रहाला छत्तीस हजार किलोमीटर उंचीच्या वाटेला लावून देण्याचं. काम संपलं की रिकामा टप्पा एका लांबट अंडाकृती कक्षेत फिरत राहतो. कक्षेचं एक टोक फार वर, तर दुसरं पृथ्वीपासून जेमतेम दोन-अडीचशे किलोमीटरवर. तिथं हवा अगदी विरळ असते, पण असते. प्रत्येक फेरीत ती त्याचा थोडा वेग खाते, आणि कक्षा आखडत जाते. शेवटी तो दाट हवेत शिरतो तेव्हा वेग असतो सेकंदाला सात-आठ किलोमीटर. ॲल्युमिनियमचं पातळ अंग वितळून जातं. पण रॉकेटमध्ये हेलियमसारखा वायू प्रचंड दाबाखाली भरून ठेवायला टायटॅनियमच्या गोल टाक्या वापरतात, आणि टायटॅनियम वितळायला सोळाशे अंशांहून जास्त तापमान लागतं. म्हणून गोळे शाबूत उतरतात. ते कुठं उतरणार, हे मात्र कुणाच्याच हातात नसतं. टप्प्यात इंधन नाही, दिशा देणारं कुणी नाही. पाच मिनिटांचा फरक पडला, तर जागा दोन हजार किलोमीटरनं बदलते.

यालाच मी बेपर्वाई म्हणतो. गावाच्या गायरानात सगळ्यांनी गुरं सोडायची आणि मेलेलं ढोर उचलायला कुणीच यायचं नाही, अशी अंतराळाची गत झाली आहे. ४ ऑक्टोबर १९५७ ला स्पुटनिक गेला, तेव्हा आकाशात माणसाचं काहीच नव्हतं. आज दहा हजारांहून जास्त चालते उपग्रह आहेत. रडारवरून नजर ठेवता येईल असे तुकडे धरले तर संख्या चाळीस हजारांच्या घरात जाते. एक सेंटीमीटरहून मोठे तुकडे दहा लाखांहून अधिक असावेत असा युरोपीय अंतराळ संस्थेचा अंदाज आहे. बोराएवढा तुकडा त्या वेगानं आदळला, तर उपग्रह निकामी होतो.

२००७ मध्ये चीननं स्वतःचा एक जुना हवामान उपग्रह क्षेपणास्त्रानं फोडला, त्याचे तीन हजारांहून जास्त तुकडे नोंदले गेले. तो साडेआठशे किलोमीटर उंचीवर होता, म्हणून त्यातले कितीतरी आजही फिरत आहेत. १० फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेचा इरिडियम ३३ आणि रशियाचा बंद पडलेला कॉसमॉस २२५१ सायबेरियाच्या वर एकमेकांवर आदळले. तुकड्यातून टक्कर, टकरीतून आणखी तुकडे, ही साखळी सुरू होऊ शकते असं डोनाल्ड केसलर यांनी १९७८ मध्येच लिहून ठेवलं होतं. भारतानंही मार्च २०१९ मध्ये 'मिशन शक्ती'त आपलाच उपग्रह पाडला. तो तीनशे किलोमीटरच्या आत होता, त्यामुळे बहुतेक तुकडे लवकर जळून गेले. तरीही ती चाचणी मला रुचली नव्हती, आजही रुचत नाही.

आमच्या भागात आकाश पाहणारे लोक अजून आहेत. रोही आणि रानडुकरांपासून पीक राखायला माणसं माळ्यावर जागली करतात. रात्रीची लाइन आली की हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला निघतात. २०१९ च्या मे महिन्यात इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे पहिले साठ उपग्रह एकाच वेळी सुटले. तेव्हापासून ते एका रांगेत जाताना दिसले, की जागलीवरून फोन येतात. हे दिवे त्यांचे स्वतःचे नसतात. आपल्याकडे अंधार पडलेला असला, तरी साडेपाचशे किलोमीटरवर ऊन असतं, ते त्यांच्या अंगावर चमकतं. म्हणून ते तिन्हीसांजेनंतर आणि पहाटे जास्त दिसतात.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तेव्हा असलेले मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी गोंड, कोलाम आणि बंजारा समाजांचं आकाशज्ञान नोंदवून ठेवलं आहे. झरी, मारेगाव, पांढरकवड्याकडच्या कोलाम पोडांवर सप्तर्षी आजही कुणीतरी नातवाला दाखवत असेल. त्याच आकाशात आता हलणारे ठिपके वाढत चालले आहेत. इंटरनेट नको, असं मी म्हणत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना ते हवंच आहे. पण आकाश भरण्याचा निर्णय मूठभर कंपन्यांनी घ्यायचा आणि बाकीच्या जगानं तो मुकाट्यानं पाहायचा, हे न्यायाचं नाही. विदर्भातल्याच पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' होण्याचा मान मिळाला. तिथं खालचे दिवे झाकता आले. वरचे कसे झाकणार?

उपाय आहेत, आणि ते आपल्याच देशानं करून दाखवले आहेत. मार्च २०२३ मध्ये इस्रोनं मेघा-ट्रॉपिक्स हा जुना उपग्रह उरलेलं इंधन वापरून ठरवून प्रशांत महासागरावर उतरवला. २०३० पर्यंत भारतीय मोहिमांनी अंतराळात कचरा मागे ठेवायचा नाही, असं उद्दिष्ट जाहीर झालं आहे. ते पाळलंच पाहिजे, कारण २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर सापडलेलं मोठं नळकांडं आपल्याच पीएसएलव्ही रॉकेटचं होतं. लाडबोरीच्या बाजूनं बोलायचं, तर त्या किनाऱ्याच्या बाजूनंही बोलावं लागेल.

पुन्हा असं काही आपल्या शिवारात पडलं, तर हात लावू नका. आत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. मुलांना दूर ठेवा, लांबून फोटो काढा, वेळ लिहून ठेवा आणि पोलीस पाटलांना किंवा तहसीलला कळवा. भंगारात विकू नका. आंतरराष्ट्रीय करारानुसार ती वस्तू ज्या देशानं सोडली त्याच्याच मालकीची राहते, आणि १९७२ च्या करारानुसार जमिनीवर झालेल्या नुकसानीची भरपाईही त्याच देशाला द्यावी लागते. ती मागायची आपल्या सरकारनं, पण त्यासाठी पंचनामा लागतो. तो करून घ्या.