रानातली कारवी आणि लॅटिनातली ‘कार्व्हिया’

भाद्रपदात घाटाच्या उतारावर जांभळ्या-निळ्या फुलांचा पसारा दिसला, की खानापूर भागातील जुनी माणसे ‘यंदा कारवी फुलली’ असे म्हणतात. त्यातील ‘यंदा’ महत्त्वाचे. कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच, पण डोंगरभर एकदम फुलते; बी धरते आणि वाळून जाते. वाळलेली फळे तशीच राहतात व पुढील पावसाचे पाणी लागताच तडतडून फुटतात.

आपल्या परसातील अबोली, कोरांटी व अडुळसा यांच्याच कुळातील ही. 1832 साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ नेस फॉन एझेनबेक यांनी तिला ‘स्ट्रोबिलँथेस कॅलोसा’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘स्ट्रोबिलोस’ म्हणजे शंकू आणि ‘अँथोस’ म्हणजे फूल. कळ्यांचा तुरा पाहिला, की नाव पटते. ‘कॅलोसा’ म्हणजे घट्टे पडलेली, टणक. पुढे 1944 साली डच शास्त्रज्ञ ब्रेमेकाम्प यांनी या अवाढव्य प्रजातीची फोड करून कारवीस स्वतंत्र प्रजाती बहाल केली आणि तिचे नाव ठेवले ‘कार्व्हिया’. लॅटिन पोशाखातली आपली कारवीच ती! नंतरच्या अभ्यासकांनी मात्र तिला पुन्हा जुन्या प्रजातीत नेऊन बसविले. शास्त्राचा निवाडा शास्त्राने करावा. तरी आम्हास थोडी चुटपुट लागलीच.

उत्साहाच्या भरात कोणी कारवीला ‘नीलकुरिंजी’ म्हणतो, ते बरोबर नव्हे. नीलकुरिंजी ही दक्षिणेकडील भावंड. तिचा बहर बारा वर्षांनी येतो. कासच्या पठारावरची, टोपली पालथी घातल्यासारखी दिसणारी ‘टोपली कारवी’ही निराळीच.

हे नाव टिकले ते मात्र फुलामुळे नव्हे, काठीमुळे. कारवीच्या सरळ काठ्या बांधून, त्यांवर शेणमाती लिंपून कुडाच्या भिंती होत. विटा आल्या, तशी कारवी घरातून गेली आणि पाठोपाठ बोलण्यातूनही. वर्गात ‘कूड’ शब्द आला, की आम्हास फळ्यावर चित्र काढावे लागते. घरी आजी असेल, त्या मुलास मात्र चित्राची गरज पडत नाही.

सगळे डोंगर एकाच वर्षी फुलत नाहीत. तेव्हा चोर्ल्याच्या वाटेने गोव्यास जाताना बहर दिसल्यास ठिकाण व साल वहीत टिपून ठेवावे, आणि शेजारी ‘कारवी’ असे मुलांच्या हातून लिहवून घ्यावे. त्याच डोंगराचा पुढचा बहर केव्हा, हा हिशेब मुले आपला आपण मांडतील.