डावपेच आणि इंजिने: कोड्यांच्या गुणांवरून काय ठरते?

एखादा मोहरा देऊन, शह आणि धमक्या यांच्या सक्तीच्या मालिकेतून प्रतिस्पर्ध्याला मात होईपर्यंत किंवा मोठे नुकसान होईपर्यंत रेटत नेणाऱ्या खेळ्यांच्या साखळीला बुद्धिबळात कॉम्बिनेशन म्हणतात, आणि बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकीय प्रोग्रामला, म्हणजे इंजिनाला, अशा साखळ्या किती लवकर दिसतात यावरून त्याची पारख करण्याची पद्धत जुनी आहे. पनवेलहून मुंबईकडे निघालेल्या लोकलमध्ये मोबाइलवर कोडी सोडवणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातात आज स्टॉकफिशसारखे इंजिन विनामूल्य असते. साहजिकच ‘कोणते इंजिन डावपेचांत सरस’ हा प्रश्न क्लासमधल्या मुलांपासून प्रशिक्षकांपर्यंत सगळेच विचारतात, आणि त्याची जी उत्तरे सर्रास दिली जातात त्यांतील बरीचशी तपासून घेण्याजोगी आहेत.

सर्वांत पक्का बसलेला समज असा की, संगणक सगळ्या खेळ्या पाहतो, त्यामुळे त्याच्या नजरेतून काही सुटत नाही. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला विश्वविजेत्या कास्पारोव्हला हरवणारा डीप ब्लू हा संगणक सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत असे, या प्रसिद्ध आकड्याने तो समज आणखी घट्ट केला. प्रत्यक्षात कोणतेही चांगले इंजिन बहुतेक खेळ्या सोडून देण्यावरच चालते. ज्या फांदीत प्रतिस्पर्ध्याला पुरेसे चांगले उत्तर सापडले आहे ती पुढे न तपासण्याची अल्फा-बीटा ही रीत निर्धोक आहे, कारण तिने अंतिम उत्तर बदलत नाही. त्यापुढच्या कपाती मात्र जोखमीच्या असतात. इंजिनाने लावलेल्या पसंतीक्रमात मागे पडलेल्या, शह न देणाऱ्या आणि काही न मारणाऱ्या ‘शांत’ खेळ्या कमी खोलवर तपासल्या जातात. शिवाय आपली पाळी सोडून दिली तरी स्थिती चांगलीच राहते आहे, असे दिसले की ती फांदी तिथेच छाटली जाते. ज्या स्थितीत कोणतीही खेळी केली तरी नुकसानच होते, म्हणजे त्सुगत्स्वांगच्या स्थितीत, पाळी सोडण्याचे हे गृहीतकच फसते. म्हणून इंजिनाकडून कॉम्बिनेशन सुटते ते बहुधा अशा ठिकाणी, जिथे किल्लीची खेळी शांत असते किंवा तिचा मोबदला फार उशिरा हाती येतो.

स्पेनमधील लिनारेस येथे १९९८ मध्ये झालेला तोपालोव्ह–शिरोव्ह डाव या संदर्भात बारकाईने पाहण्यासारखा आहे. दोघांकडे राजा आणि एकेक उंट, तोही विरुद्ध रंगांच्या घरांवरचा. काळ्याची चार प्यादी, पांढऱ्याची दोन. असे उत्तरडाव प्यादी जास्त असूनही अनेकदा बरोबरीत सुटतात, कारण एका उंटाने अडवलेले घर दुसऱ्या उंटाला कधीच मोकळे करता येत नाही. काळ्याच्या राजाला एफ-५ वरून ई-४ ला आणि तेथून पुढे आपल्या प्याद्यांच्या मदतीला जायचे होते, परंतु एफ-५ वर त्याचाच उंट बसला होता आणि पांढरा राजा वाट अडवण्यासाठी एका-दोन खेळ्यांत मध्यावर पोहोचणार होता. ४७ व्या खेळीत शिरोव्हने तो उंट एच-३ वर, पांढऱ्या प्याद्याच्या तोंडी नेऊन ठेवला. उंटाने जाता जाता जी-२ वरील प्याद्यावर हल्ला चढवल्यामुळे काळ्याची पाळी वाया गेली नाही, राजाची वाट मोकळी झाली, आणि तोपालोव्हने उंट मारल्यानंतर काळा राजा ई-४ वरून थेट पटाच्या डाव्या बाजूला उतरला. सहा खेळ्यांनी तोपालोव्हने डाव सोडला. त्या काळातील प्रोग्रामांना ही खेळी सापडत नसे. एच-३ वर ना शह, ना काही मारणे, उलट एक उंट कमी होतो आणि नफा दिसतो तो ‘ए’ आणि ‘डी’ पट्टीवरील प्यादी पुढे सरकल्यावर. आजच्या इंजिनांना ती सापडते; छाटणी अधिक शहाणी झाली आहे आणि यंत्रेही वेगवान आहेत.

दुसरा समज मोजणीचा आहे: जे इंजिन जास्त कोडी सोडवते ते जास्त बलवान. तुलनेसाठी वर्षानुवर्षे वापरला गेलेला संच फ्रेड राइनफेल्ड यांच्या ‘विन ॲट चेस’ या पुस्तकातील ३०० स्थितींचा आहे. तो माणसांच्या सरावासाठी रचलेला असल्याने आताची इंजिने त्यातील बहुतेक सर्व स्थिती क्षणार्धात सोडवतात, आणि सगळेच पहिले येतात त्या परीक्षेतून कोण सरस हे कळत नाही. संच कठीण केला तरी अडचण संपत नाही. स्टॉकफिशमध्येच बदल करून तयार झालेल्या क्रिस्टलसारख्या आवृत्त्या खोल कोडी आणि अभेद्य बचाव ओळखण्यासाठी मुद्दाम कमी छाटणी करतात. परंतु कमी छाटायचे म्हणजे प्रत्येक साध्या स्थितीत वेळ जास्त घालवायचा, आणि पूर्ण डावातील बहुतेक स्थिती साध्याच असतात. बळ ठरते ते ठरावीक वेळेत खेळलेल्या शेकडो-हजारो डावांच्या निकालावरून. या बाबतीत इव्हान ब्रॅट्को आणि डॅनी कोपेक यांनी १९८२ मध्ये मांडलेली २४ स्थितींची चाचणी नंतरच्या अनेक संचांहून अधिक विचारी वाटते, कारण तिच्यात डावपेचांच्या जोडीला प्याद्यांची रचना फोडणाऱ्या खेळ्यांच्या स्थितीही होत्या आणि इंजिनाची योग्य खेळी पहिल्या पसंतीची नसून दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या पसंतीची असली, तरी उतरत्या क्रमाने अंशतः गुण मिळत.

पडद्यावर दिसणारी खोली, म्हणजे ‘डेप्थ’ या नावाचा आकडा, दोन इंजिनांमध्ये ताडून पाहण्यात अर्थ नाही. एकाची ३० आणि दुसऱ्याची २० ही वेगवेगळ्या छाटणीची मापे आहेत. वेगाचेही तसेच. डिसेंबर २०१७ मध्ये जाहीर झालेल्या सामन्यात न्यूरल नेटवर्कवर चालणारा अल्फाझीरो सेकंदाला सुमारे ८० हजार स्थिती पाहत होता आणि स्टॉकफिश सुमारे ७ कोटी, तरी १०० डावांत अल्फाझीरोने एकही गमावला नाही. यावरून न्यूरल नेटवर्कला डावपेच आपसूक ‘दिसतात’ असा नवा गैरसमज पसरला. लीला चेस झीरोसारखी त्या वळणाची इंजिने स्थितीचा अंदाज उत्तम बांधतात, पण नेटवर्कने ज्या खेळीला सुरुवातीलाच कमी संभाव्यता दिली तिच्याकडे त्यांचा शोध उशिरा वळतो, आणि चकित करणारे बलिदान नेमके अशाच खेळ्यांत दडलेले असते. सप्टेंबर २०२० पासून स्टॉकफिशनेही स्थितीच्या मूल्यमापनासाठी एक लहान नेटवर्क स्वीकारले. शोधाची पद्धत मात्र अल्फा-बीटाचीच राहिली.

‘अमुक इंजिनाने हे कोडे इतक्या सेकंदांत सोडवले’ हे विधानही दिसते तितके ठाम नसते. इंजिन तपासलेल्या स्थिती स्मृतीतील एका तक्त्यात साठवते. तो रिकामा न करता तीच स्थिती पुन्हा दिली, तर पहिल्या वेळची मेहनत दुसऱ्या वेळी फुकटात मिळते. प्रोसेसरचे अनेक गाभे एकाच वेळी कामाला लावले, तर कोणता कधी पुढे जाईल हे निश्चित नसल्यामुळे दर वेळी वेळ वेगळी येते. मोबाइल तापला की तो स्वतःच वेग कमी करतो. आणि इंजिन योग्य खेळी क्षणभर पहिल्या क्रमांकावर आणून पुन्हा सोडूनही देते, तेव्हा पहिल्या झलकेलाच ‘सुटले’ म्हणणे घाईचे ठरते. तुलना प्रामाणिक हवी असेल, तर तक्ता दर वेळी रिकामा करावा, एकच गाभा वापरावा, वेळ सारखी द्यावी आणि योग्य खेळी शेवटपर्यंत टिकली तरच ती मोजावी.

उत्तरपत्रिका नेहमी बरोबर असते, हाही समजच. त्रेवेंगडाचार्य शास्त्री यांचा निवडक स्थितींचा संग्रह १८१४ मध्ये मुंबईत छापला गेला, तेव्हापासून गेल्या शतकाअखेरपर्यंतचे बहुतेक संग्रह माणसांनी तपासलेले होते; राइनफेल्डच्या ३०० पैकी काही स्थितींत दुसरीही जिंकणारी खेळी असल्याचे इंजिनांनीच दाखवून दिले. अशा ठिकाणी पुस्तकातील खेळी न खेळणाऱ्या इंजिनाला शून्य गुण देणे अन्यायाचे आहे.

राहिला तो समज जो खेळाडूला सर्वांत जास्त बाधतो: इंजिनाला दिसते ते शिकण्याची गरज उरली नाही. एप्रिल २०२४ मध्ये टोरोंटो येथील कँडिडेट्स स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत नाशिकच्या विदित गुजराथीने काळ्या मोहऱ्यांनी हिकारू नाकामुराविरुद्ध एच-३ वरील प्याद्यासाठी आपला उंट दिला आणि डाव जिंकला. अशी कल्पना घरच्या तयारीत इंजिनासमोर तपासून घेता येते, परंतु पटावर तिची पुढची प्रत्येक खेळी घड्याळ चालू असताना, समोरच्याच्या अनपेक्षित उत्तरांना तोंड देत, खेळाडूलाच शोधावी लागते. म्हणून विद्यार्थ्याने कोडे आधी स्वतः, कागदावर पूर्ण साखळी लिहून सोडवावे आणि मगच इंजिन सुरू करावे. आणि इंजिनाचे उत्तर वेगळे आले, तर त्याची खेळी नुसती पाहून न थांबता, आपली साखळी प्रतिस्पर्ध्याच्या कोणत्या उत्तरापाशी तुटली ते पटावर मोहरे मांडून शोधावे.