पोट लहान झालं, पान तेवढंच!

लठ्ठपणासाठी पोटाचं ऑपरेशन करून घेतलेली एखादी तरी बाई आता आपल्या नात्यागोत्यात, शेजारीपाजारी असतेच. वजन किती उतरलं, खर्च किती आला, हे तिला सगळे विचारतात. पानावर बसल्यावर तिला काय वाटतं, ते सहसा कोणी विचारत नाही. हा लेख तिच्यासाठी आहे. ती तुम्ही स्वतःच असाल तर तुमच्यासाठी!

आपल्याकडे पुष्कळदा होतं ते ‘स्लीव्ह’चं ऑपरेशन. त्यात जठराचा पाऊण भाग, किंवा थोडा जास्तच, काढून टाकतात आणि केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवतात. सुरुवातीला त्यात लहान वाटीभर अन्न मावतं. भूक चाळवणारं एक संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागात तयार होतं, त्यामुळे भूकही मंदावते. पहिले दोन आठवडे नुसतं पातळ, मग घोटलेलं, मग मऊ, असं करत दीड-दोन महिन्यांनी नेहमीच्या जेवणावर यायचं. डॉक्टर हे सगळं कागदावर लिहून देतात.

कागदावर नसते ती मनाची भूक. दुपारी कामं आटोपली, घर रिकामं झालं, की चहाबरोबर खारी किंवा मूठभर फरसाण हा कित्येकींचा दिवसातला एकमेव निवांत वेळ असतो. नणंदेचं बोलणं लागलं, मुलाला मार्क कमी पडले, की हात डब्याकडे जायचा. आता डबा तिथेच आहे आणि पोट मात्र नको म्हणतं. मग चिडचिड होते, उगाच रडू येतं, ‘कुठून ही बुद्धी सुचली’ असंही वाटतं. पहिल्या काही आठवड्यांत असं वाटणं अगदी नेहमीचं आहे, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. पुष्कळजणींचं ते घट्ट जेवण सुरू झाल्यावर निवळतं. त्या दुपारच्या तासाला मात्र दुसरं काही तरी द्या. मैत्रिणीला फोन करा, चक्कर मारून या, विणकाम काढा. नुसतं ‘खायचं नाही’ म्हणून तो तास जात नाही.

दुसरी गोष्ट उरल्यासुरल्याची. मुलांनी टाकलेली अर्धी पोळी, पातेल्यातला घासभर भात वाया जायला नको म्हणून आपण पोटात ढकलत आलो. आता ते जमणार नाही, आणि ते टाकताना जीव तुटतो हो! माझं स्पष्ट मत असं, की घरातल्या बाईचं पोट म्हणजे उरलेलं ठेवायचं फडताळ नव्हे. कणीकच दोन पोळ्यांची कमी भिजवा.

मग येतो आग्रह. ‘एवढंसंच? रुसलीस की काय आमच्यावर?’ सासूबाईंना आजवर तुमच्या पोटभर जेवण्यातच प्रेम दिसत आलेलं असतं, त्यांचा दोष नाही. इथे यजमानांनी पुढे व्हावं आणि पंगत बसण्याआधीच ‘हिला वाढू नका, ती मागून घेईल’ असं सांगून ठेवावं. ऑपरेशनचं सगळ्यांना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. ‘सोपी वाट धरली’ म्हणणाऱ्यांना मात्र उत्तर देत बसू नका. ही वाट सोपी नसते.

बासुंदी, जिलेबीसारखं गोड खाल्लं तर काहींना अर्ध्या तासात धडधडतं, घाम फुटतो, पोटात कळ येऊन जुलाब होतात. ‘बायपास’ झालेल्यांना हे जास्त होतं. असं एकदा चारचौघांत झालं की काहीजणी खाण्यालाच भितात आणि एकट्याने, लपून जेवू लागतात. तसं करू नका. लहान ताटलीत वाढून घ्या आणि सगळ्यांबरोबरच बसा. आधी अंडं, पनीर, मासा, दाट वरण, मग भाजी, पोळी-भात शेवटी. वीस-पंचवीस मिनिटं लावून सावकाश चावा. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. पोटाने ‘बस’ म्हटल्यावरचा एक घाससुद्धा छातीशी अडतो.

तिसऱ्या महिन्याच्या सुमारास केस मूठमूठ गळतात. घाबरायला होतं, पण बहुधा ते पुन्हा येतात. जीवनसत्त्वं, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या मात्र जन्मभराच्या आहेत. उलट्या थांबत नसतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

वर्ष-दोन वर्षांनी भूक थोडी परतते, दोन-चार किलोही परततात. लाजेने तपासणीला जाणं बंद करू नका, तेव्हाच तर जायचं असतं. आणि उदासपणा दोन आठवड्यांहून जास्त टिकला, मुद्दाम उलटी काढावीशी वाटली किंवा जगणंच नको वाटलं, तर घरात सांगा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा 2022 पासून आहे. 14416 या क्रमांकावर ती फुकट असून मराठीतूनही बोलता येतं.

तरुण मैत्रिणींनो, वजन उतरल्यावर दिवस राहण्याचा संभव वाढतो, पण पहिलं वर्ष-दीड वर्ष थांबायला सांगतात. तेव्हा साधनाविषयी डॉक्टरांना न लाजता विचारा. वजनही साधारण तोवरच उतरत राहतं. म्हणून नवे ब्लाउज इतक्यात शिवायला टाकू नका, जुन्यांनाच आतून टीप मारून घ्या.