संवाद ऐकू येतात, मग वर्णन कशाला?

दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी चित्रपटात ऑडिओ डिस्क्रिप्शन असावं, असं कुठेही म्हटलं की हमखास एक उत्तर येतं: ‘अहो, संवाद तर त्यांना ऐकू येतात की! गाणी तोंडपाठ असतात. आणखी काय पाहिजे?’ निर्माते असं म्हणतात, थिएटरवाले म्हणतात, आणि घरात अंध भाऊ किंवा दृष्टी गेलेली आजी असलेली, त्यांच्यावर मनापासून जीव असलेली माणसंही म्हणतात. बोलण्यात वाईट हेतू नसतो. पण ते साफ चूक आहे, आणि इतक्या खात्रीने बोललं जातं की पुढचा सगळा विषय तिथेच संपतो. म्हणून आधी या एका समजुतीचा नीट समाचार घ्यायला हवा. ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणजे दोन संवादांच्या मधल्या मोकळ्या जागेत पडद्यावर काय घडतंय हे थोडक्यात सांगणारा वेगळा आवाज. कोण आलं, कुणी कुणाकडे पाहिलं, हातात काय आहे, चिठ्ठीत काय लिहिलंय, एवढंच. तो आवाज पात्रांच्या बोलण्यावर चढत नाही आणि स्वतःचं मतही देत नाही.

उदाहरणासाठी लांब जायला नको. आपलं मिरजगाव अहिल्यानगर जिल्ह्यातल्या ज्या कर्जत तालुक्यात आहे, त्याला लागूनच सोलापूर जिल्ह्याचा करमाळा तालुका आहे. नागराज मंजुळे तिथल्याच जेऊरचे. त्यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला आणि या भागात तो न पाहिलेला माणूस शोधावा लागेल. त्याचा शेवट आठवा. पळून आलेल्या आर्ची-परश्याच्या हैदराबादच्या घरी आर्चीच्या माहेरची माणसं येतात, आईने पाठवलेल्या वस्तू देतात, आर्ची चहा ठेवते. इथपर्यंत सगळं कानाला कळतं. त्यानंतर लहानगं मूल शेजारणीबरोबर परत येतं आणि चित्रपटाचा आवाज बंद होतो. रक्तात पडलेले आईबाप, मुलाचं रडणं, बाहेर पडताना फरशीवर उमटत गेलेली रक्ताची पावलं, हे सगळं निःशब्द आहे. आता ज्याला फक्त आवाज मिळाला, त्याच्या हाती काय लागलं? माहेरची माणसं घरी आली, बोलणं झालं, चहा झाला, चित्रपट संपला. म्हणजे भांडण मिटलं! ज्या चित्रपटाने महाराष्ट्राला जातीच्या नावाने होणाऱ्या खुनाकडे पाहायला लावलं, त्याचा शेवट अंध प्रेक्षकापर्यंत नेमका उलटा पोहोचला. ‘संवाद ऐकू येतात की’ म्हणणाऱ्यांनी या एका गोष्टीचं उत्तर द्यावं.

‘सैराट’ला अपवाद म्हणून सोडून देता येणार नाही. मंजुळे यांच्याच ‘फँड्री’मध्ये डुक्कर पकडण्याची धावपळ चालू असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. ते ऐकू येतं. पण त्या सुरांबरोबर शाळकरी जब्याचं सगळं घर जागच्या जागी ताठ उभं राहिलंय आणि डुक्कर समोरून निघून चाललंय, हे डोळ्यांनीच कळतं. पुढे ते डुक्कर काठीला बांधून नेताना मागच्या भिंतीवर बाबासाहेबांची, सावित्रीबाईंची चित्रं दिसतात. तिथे कुणी एक अक्षर बोलत नाही, कारण दिग्दर्शकाला जे म्हणायचं होतं ते त्याने भिंतीकडून म्हणवून घेतलं. शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो थेट आपल्यावर येतो आणि पडदा काळा होतो. यातलं काहीही संवादात नाही. चित्रपट ही कलाच अशी आहे की तिच्यातली सर्वांत मोठी वाक्यं न बोलता म्हटलेली असतात. ज्याला खात्री करून घ्यायची असेल त्याने न पाहिलेला एखादा चित्रपट मोबाइलवर लावावा, मोबाइल पालथा ठेवावा आणि दीड तासाने गोष्ट सांगून पाहावी.

ही केवळ भावनेची बाब नाही, यावर अभ्यासही झाले आहेत. अमेरिकेत श्मायडलर आणि कर्चनर या दोन संशोधकांनी अंध प्रौढांना टीव्हीवरचे विज्ञानाचे कार्यक्रम वर्णनासह आणि वर्णनाशिवाय दाखवून तुलना केली. २००१मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता: वर्णन असताना माहिती जास्त समजली आणि जास्त लक्षात राहिली. आपल्याला तर त्यासाठी अमेरिकेपर्यंतही जायला नको. ज्ञानेश्वरी आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवाशाला, शके १२१२मध्ये सांगितली गेली. ती ज्या गीतेवरची टीका आहे, ती गीता एका अंध राजाच्या प्रश्नाने सुरू होते, आणि तो प्रश्न नीट वाचण्यासारखा आहे. माझ्या मुलांनी आणि पांडवांनी काय केलं, असं धृतराष्ट्र विचारतो. काय बोलले, असं विचारत नाही. संजयही रथ कुठे उभा राहिला, कुणी शंख फुंकला, कुणाच्या हातातून धनुष्य गळालं, हे सांगत जातो. ज्या समाजाचा आवडता ग्रंथ अशा वर्णनावर उभा आहे, त्या समाजाने ‘वर्णन कशाला’ असं विचारावं, याचं खरोखर वाईट वाटतं.

इथे एक बिनतोड वाटणारा मुद्दा पुढे येतो: ‘शेजारी बसलेलं माणूस सांगतंच की!’ सांगतं, आणि आजवर त्याच कुजबुजीवर अंध माणसांनी चित्रपट पाहिले आहेत. त्या माणसांच्या मायेविषयी शंका नाही. पण ती कुजबुज कशी असते ते पाहा. सांगणाराही चित्रपट पहिल्यांदाच पाहत असतो, त्यामुळे काय महत्त्वाचं हे त्याला घडून गेल्यावर कळतं. तो सांगू लागतो तेव्हा पुढचा संवाद सुरू झालेला असतो, म्हणजे दृश्यही गेलं आणि संवादही गेला. रंगात आलेल्या प्रसंगी तो सांगायचंच विसरतो. मागच्या रांगेतून ‘शूऽऽ’ येतं ते वेगळंच. शिवाय वीस वर्षांच्या अंध मुलाला प्रेमाचा प्रसंग त्याच्या आईने कानात वर्णन करून सांगायचा, ही सोय म्हणायची का? लिहून, तपासून, रेकॉर्ड केलेलं वर्णन या सगळ्यातून सोडवतं. आई आणि मुलगा दोघंही फक्त प्रेक्षक म्हणून बसू शकतात.

दुसरा आक्षेप कलावंतांकडून येतो आणि तो जास्त गंभीर आहे: दिग्दर्शकाने मुद्दाम ठेवलेली शांतता तुम्ही शब्दांनी भरून टाकणार का? याचं उत्तर चांगल्या वर्णनातच आहे. ‘सैराट’च्या शेवटासाठी एवढं पुरे: ‘मूल दारात थांबतं. आत आर्ची आणि परश्या, रक्तात. निश्चल. मूल रडतंय, आवाज नाही.’ मग बराच वेळ काहीच नाही. आणि शेवटी: ‘ते बाहेर चालत जातं. फरशीवर त्याच्या पावलांचे रक्ताचे ठसे.’ यात ‘भयानक’ नाही, ‘हृदयद्रावक’ नाही. ‘आवाज नाही’ हे सांगितल्यामुळेच ती शांतता अंध प्रेक्षकाच्या वाट्याला येते. एरवी त्याला यंत्र बंद पडल्यासारखंच वाटलं असतं. असं लिहायला भाषेची फार मोठी शिस्त लागते. मराठीत ती आहे. आपल्याकडे नभोनाट्याची परंपरा आहे, आणि बाळ ज. पंडितांनी रेडिओवरून क्रिकेटचं मैदान मराठीत उभं करून दाखवलं आहे.

‘जन्मांधाला रंग सांगून काय कळणार?’ हा याच समजुतीचा धाकटा भाऊ. पहिली गोष्ट, दृष्टिहीनांमध्ये जन्मांध थोडे. आपल्या देशात पन्नाशीपुढच्या अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण आजही मोतीबिंदू आहे. म्हणजे बहुसंख्यांनी आयुष्याचा मोठा भाग डोळ्यांनी पाहिलेला असतो, आणि पुष्कळांना अजूनही उजेड किंवा आकृती जाणवते. दुसरी गोष्ट, रंगाचा अर्थ आपण सगळेच भाषेतून शिकतो. हिरवा चुडा म्हणजे काय, पांढरं कपाळ म्हणजे काय, हे मराठी घरात वाढलेल्या जन्मांध मुलीला कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. पडद्यावरच्या बाईच्या हातात हिरवा चुडा आहे एवढं तिला सांगा, पुढचं तिचं ती जाणते. आणि ही माणसं मूठभर नाहीत. २०११च्या जनगणनेत देशात ५० लाखांहून अधिक आणि महाराष्ट्रात सुमारे ५ लाख ७४ हजार लोकांची नोंद दृष्टीच्या अपंगत्वाखाली झाली होती.

आता कायद्याविषयी, कारण ‘हे दानधर्माचं काम आहे, ज्याला परवडेल त्याने करावं’ असा समज सर्रास आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६च्या कलम ४२मध्ये ऑडिओ डिस्क्रिप्शनचा नाव घेऊन उल्लेख आहे. दिव्यांगांना इलेक्ट्रॉनिक माध्यमं वापरता यावीत यासाठी ते उपलब्ध करण्याचे उपाय योजणं हे सरकारचं काम आहे, असं ते कलम सांगतं. १६ जानेवारी २०२३ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ‘पठाण’च्या निर्मात्यांना ओटीटीवरच्या प्रदर्शनासाठी हिंदीत ऑडिओ डिस्क्रिप्शन, सबटायटल आणि क्लोज्ड कॅप्शन तयार करायला सांगितलं. या प्रकरणातल्या अर्जदारांमध्ये कायद्याचा एक दृष्टिहीन विद्यार्थी होता. १५ मार्च २०२४ रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. एकाहून अधिक भाषांत प्रमाणपत्र घेणाऱ्या चित्रपटांना सहा महिने आणि बाकीच्यांना दोन वर्षं अशी मुदत त्यांत आहे. म्हणजे फक्त मराठीत निघणाऱ्या चित्रपटाची मुदतही मार्च २०२६पर्यंतचीच. राष्ट्रीय पुरस्कारांसाठी पाठवायच्या चित्रपटांना तर १ जानेवारी २०२५पासूनच ही अट आहे. ‘कॉपीराइट आड येतो’ हाही एक लाडका बहाणा. कॉपीराइट कायद्यात २०१२मध्ये दुरुस्ती होऊन कलम ५२मध्ये सवलत आली. दिव्यांगांसाठी काम करणारी संस्था नफा न कमावता कोणतीही कलाकृती त्यांना वापरता येईल अशा रूपात आणू शकते. दिल्लीच्या सक्षम ट्रस्टने ‘ब्लॅक’सारख्या हिंदी चित्रपटांचं वर्णन तयार करून दाखवलं आहे.

उरलेले गैरसमज एकेका ओळीत.

‘बाकीच्या प्रेक्षकांना त्रास होईल’: होत नाही. वर्णन फक्त ज्याला हवं त्याच्या इअरफोनमध्ये येतं.

‘थिएटरला नवी यंत्रणा लागेल’: डिजिटल चित्रपटाच्या पॅकेजमध्ये या ट्रॅकसाठी वेगळी जागा असते, आणि काही मोबाइल ॲप पडद्यावरचा आवाज ऐकून वर्णन आपोआप जुळवून घेतात.

‘फार खर्च येतो’: एक लेखक, एक आवाज, एक दृष्टिहीन तपासनीस आणि थोडा स्टुडिओचा वेळ. चित्रपटाच्या प्रसिद्धीवर होणाऱ्या खर्चाशेजारी हे मांडून पाहा.

‘सबटायटल आहेत ना’: ती ऐकू न येणाऱ्यांसाठी. न दिसणाऱ्याला वाचायला सांगणार का?

‘हे परदेशी फॅड आहे’: गोव्यात २०२२च्या इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ॲटनबरो यांचा ‘गांधी’ वर्णनासह दाखवला गेला.

‘मागून काही मिळत नाही’: ‘डेअरडेव्हिल’ या मालिकेचा नायकच अंध, आणि नेटफ्लिक्सने ती एप्रिल २०१५मध्ये वर्णनाविना आणली. लोकांनी आवाज उठवला आणि चार दिवसांत कंपनीने वर्णन देण्याचं जाहीर केलं.

‘आधी शिक्षण, नोकरी, रस्ते बघा, सिनेमा काय जीवनावश्यक आहे?’ हा शेवटचा प्रश्न एका ओळीत संपवता येत नाही. हक्क रांगेत उभे नसतात. एकाला दिला म्हणून दुसऱ्याचं कमी होत नाही. आणि चित्रपट म्हणजे नुसते अडीच तास नसतात. ‘सैराट’मधल्या ‘झिंगाट’वर वराती नाचल्या, आर्ची-परश्याचं बरोबर की चूक यावर पारावर, एसटीत, कॉलेजात वाद झाले. ज्याला शेवट कळलाच नाही तो त्या वादात काय बोलणार? चित्रपटापासून दूर राहिलेला माणूस गावाच्या गप्पांपासूनही दूर राहतो, आणि हे एकटेपण कुठल्या पेन्शनने भरून येत नाही.

मिरजगावसारख्या गावाच्या दृष्टीने पाहिलं तर वाट बरीच सरळ आहे. मल्टिप्लेक्स गाठायला मोठ्या शहराची गाडी पकडावी लागते. पण मोबाइल घरोघरी आहे आणि बहुतेक अंध तरुण तो स्क्रीन रीडरवर सफाईने वापरतात. ओटीटीवर चित्रपट लावला की ऑडिओ आणि सबटायटलच्या यादीत भाषेसमोर ‘ऑडिओ डिस्क्रिप्शन’ लिहिलेलं आहे का, ते पाहावं. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्येही ते कायमचं चालू ठेवता येतं. घरातल्या डोळस माणसाने आजीला एवढं एकदा लावून दिलं तरी पुष्कळ झालं. मराठी चित्रपटासमोर ती ओळ दिसली नाही, तर त्या कंपनीला आणि निर्मात्याला लिहून मागावी, आणि मराठीतच मागावी. कारण ‘पार’, ‘ओटा’, ‘वेस’ हे शब्द ज्याच्या कानाला सवयीचे आहेत, त्याला आपलं गाव आपल्या शब्दांतच दिसतं. जत्रेत तंबू टॉकीज लावणाऱ्या या मुलखाने चित्रपट पडद्यासमोर बसलेल्या प्रत्येकाचा मानला. त्या गर्दीत अंध माणसंही होती. फरशीवर उमटलेली ती पावलं त्यांनाही कळायला हवीत, आणि तीही सर्वांना कळतात त्याच क्षणी.